निदान कोणत्या दाराने झाले? – स्त्रियांचे कर्करोग आणि पुढचे आयुष्य

गोदाकाठ

नमस्कार. मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात मी २६ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. एक विषय कित्येक वर्षे मनात आहे, तो येथे सविस्तर मांडते. गर्भाशयमुखाचा, गर्भाशयाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेली बाई किती जगेल याचा विचार करताना आपण रोगाचा प्रकार, टप्पा आणि वय पाहतो. मात्र तिचे निदान नेमके कुठे झाले, म्हणजे गावातल्या तपासणी शिबिरात, बाह्यरुग्ण विभागात, रात्री अपघात विभागात, की गर्भाशयाची पिशवी काढून टाकल्यानंतर आलेल्या अहवालात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

एका डिसेंबरात रात्री दोनच्या सुमारास ऊसतोडीच्या फडावरून पंचेचाळिशीच्या एका बाईला टेंपोतून आमच्याकडे आणले गेले. लावलेल्या जुन्या पातळाच्या घड्या भिजून गेल्या होत्या आणि अंगाखालची गोणीही ओली झाली होती. हिमोग्लोबिन ४.८ निघाले. योनीमार्गात गॉजची लांब पट्टी घट्ट भरून रक्तस्राव थांबवला, रक्त चढवले आणि सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा गर्भाशयमुखाची गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेली आढळली. मूत्रवाहिनी दबल्यामुळे मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही वाढलेले होते. केसपेपर भरताना मी तिच्या नवऱ्याकडे जुने कागद मागितले, तेव्हा त्याने किराणा दुकानाच्या पिशवीतून पाच चिठ्ठ्या काढून दिल्या. त्या चौदा महिन्यांतल्या आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या होत्या. एकीवर रक्तवाढीच्या गोळ्या, दोहोंवर अंगावर पांढरे जाण्याचे औषध, उरलेल्या दोहोंवर रक्त थांबण्याच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. आतून तपासणी केल्याची नोंद पाचांपैकी एकाही चिठ्ठीवर नव्हती.

आमच्या नोंदवहीत तिचे निदान ‘तातडीने दाखल’ असे नोंदले गेले. कागदोपत्री ते खरेच होते. पण ती बाई त्याआधी पाच दारांतून परत गेली होती, हे त्या रकान्यात कुठेच उमटले नाही.

या विषयावर स्वीडनमध्ये झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९९ ते २००१ या काळात त्या देशात गर्भाशयमुखाचा कर्करोग निदान झालेल्या सर्व १,२३० स्त्रियांचा त्यात मागोवा घेतला गेला. नियमित तपासणीत ज्यांचा रोग सापडला त्यांच्यापैकी ९२ टक्के बऱ्या झाल्या, तर लक्षणे दिसल्यावर आलेल्यांमध्ये हे प्रमाण ६६ टक्के होते. देश तोच आणि उपचारांची सोयही सर्वांना सारखीच असूनही रोग कोणत्या वाटेने सापडला यावर एवढा फरक पडला. आपल्याकडे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतलेली आहे. म्हणजे पहिले दार आपल्या बायकांसाठी जवळजवळ बंदच आहे.

आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

संख्यावेध

गोदाकाठताई, लेख वाचून अस्वस्थ झालो. मी वैद्यकीय सांख्यिकीत काम करतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. लवकर सापडलेल्या रोगात रुग्ण जास्त वर्षे जगलेला दिसतो, त्यामागे कधीकधी केवळ मोजणीची सुरुवात लवकर झालेली असते. समजा, एखाद्या स्त्रीचा मृत्यू २०२० साली होणार आहे. तिचे निदान २०१८ साली लक्षणांवरून झाले तर ती निदानानंतर दोन वर्षे जगली असे आपण म्हणू, आणि तेच निदान तपासणीत २०१४ साली झाले असते तर सहा वर्षे जगली असे म्हणू, पण मृत्यूची तारीख दोन्ही वेळी एकच राहते. शिवाय सावकाश वाढणारे रोग तपासणीत अधिक सापडतात, तर झपाट्याने वाढणारे रोग दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढतात आणि अपघात विभागात पोहोचतात. त्यामुळे दारामुळे आयुष्य वाढले, की मुळात सौम्य रोग त्या दाराने आला, हे वेगळे करणे अवघड असते.

स्वीडनच्या अभ्यासात बऱ्या झालेल्यांचे प्रमाण मोजले आहे, म्हणजे ज्यांचा मृत्युदर पुढे सर्वसामान्य स्त्रियांइतका झाला अशांचा वाटा. घड्याळ लवकर सुरू झाल्याने हा वाटा वाढत नाही, म्हणून आपण दिलेले उदाहरण या आक्षेपातून बऱ्याच अंशी सुटते. सौम्य रोगाचा मुद्दा मात्र तरीही शिल्लक राहतो.

तेरणामाई

संख्यावेध, आपण म्हणता त्या दोन्ही आक्षेपांचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडते. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावांचे ५२ गट पाडून ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले होते. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. यामागे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होते. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू आहे आणि अशी नोंदणी देशात प्रथम तिथेच झाली.

त्यातले आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. एचपीव्ही चाचणीच्या गावांमध्ये आठ वर्षांत १२७ जणींना कर्करोग आढळला आणि तुलनेच्या गावांमध्ये ११८ जणींना. म्हणजे रोग जवळपास सारखाच होता. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेल्या स्त्रिया चाचणीच्या गावांमध्ये ३९, तर तुलनेच्या गावांमध्ये ८२ होत्या. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४ झाले. माझी आई त्या काळात अंगणवाडीत होती. दारोदार जाऊन बायकांना चाचणीसाठी तयार करणे हे काम किती जड होते ते ती अजून सांगते. "मला काही होत नाही, मग मी कशाला येऊ?" हा प्रश्न तिने शेकडो वेळा ऐकला.

संख्यावेध

तेरणामाई, हे उदाहरण येथे अगदी चपखल बसते. येथे निदानापासूनची वर्षे मोजलेली नाहीत, संपूर्ण गटात किती स्त्रिया दगावल्या हे मोजले आहे, आणि गट चिठ्ठीने ठरल्यामुळे सौम्य व आक्रमक रोग दोन्हीकडे सारखेच वाटले गेले. त्यामुळे माझे दोन्ही आक्षेप येथे लागू पडत नाहीत. एक गोष्ट मात्र नोंदवतो. त्याच अभ्यासात पॅप तपासणी आणि ॲसिटिक ॲसिडची तपासणी यांनी मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झालेले दिसले नाहीत. उलट मुंबईच्या वस्त्यांमध्ये १,५१,५३८ स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी केल्यावर १२ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदाच केलेली तपासणी आणि पुनःपुन्हा केलेली तपासणी यांत हा फरक आहे.

दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली नाही यावरून पुढे नैतिक वाद झाला, हेही सांगणे माझे कर्तव्य समजतो. आकडे वाचताना त्या ६४ स्त्रियांकडे केवळ तुलनेचा आकडा म्हणून पाहणे मला जमत नाही.

गोदाकाठ

आपला शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. आपण म्हणता ते मलाही तसेच वाटते.

तातडीच्या दाराने आलेल्या स्त्रीचे नुकसान केवळ टप्पा पुढे गेल्याने होत नाही, हे मी वॉर्डात रोज पाहिले आहे. गर्भाशयमुखाच्या पुढे गेलेल्या रोगावर किरणोपचार आणि त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध दिले जाते. पण मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंड बिघडले असेल तर सिस्प्लॅटिन देता येत नाही. आधी पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते, क्रिएटिनिन उतरण्याची वाट पाहावी लागते, रक्त भरून काढावे लागते. बाहेरून द्यायचे आणि आतून द्यायचे किरणोपचार मिळून साधारण आठ आठवड्यांत संपावेत असा दंडक आहे, कारण ते लांबले की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. दाखल झाल्यावर पहिले पंधरा दिवस केवळ तिला उपचारांच्या योग्यतेला आणण्यात जातात. तोवर सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि घरी मुले शेजाऱ्यांकडे असतात. कितीतरी जणी या पंधरवड्यातच "जरा घरी जाऊन येतो" म्हणून गेल्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, पण बुडालेली मजुरी भागत नाही.

शल्यमित्र

मी स्त्रीरोग कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. गोदाकाठताईंनी ‘पिशवी काढून टाकल्यानंतर आलेला अहवाल’ असा एक ओझरता उल्लेख केला आहे. महाराष्ट्रात त्या दाराविषयी सर्वांत जास्त बोलले पाहिजे, असे माझे मत आहे.

चाळिशीतली बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन येते. गर्भाशयमुख न पाहता, तुकडा काढून न तपासता, "पिशवी काढून टाकू, कटकट संपेल" असे तिला सांगितले जाते. रक्तस्रावाचे कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल, तर ही साधी शस्त्रक्रिया त्यासाठी पुरेशी नसते. त्या रोगात आजूबाजूच्या ऊती आणि लसिकाग्रंथींसह मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा शस्त्रक्रिया न करता किरणोपचार द्यावे लागतात. अर्धवट शस्त्रक्रियेनंतर कर्करोग सापडला की किरणोपचार बहुतेक वेळा टळत नाहीत, आणि ते देणेही कठीण होऊन बसते. आतून द्यायच्या किरणोपचारांची नळी गर्भाशयाच्या पोकळीत बसवतात. ती पोकळीच राहिलेली नसते, आणि गर्भाशयाच्या रिकाम्या जागेत आतडे उतरल्याने त्यालाही किरणांचा त्रास होतो. जी स्त्री मुळात पूर्ण बरी होऊ शकली असती, ती दुप्पट त्रास सोसून कमी शक्यतेच्या वाटेवर येते.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे काढलेली पिशवी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पाठवलीच जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या नातेवाइकांना ती बरणीत दाखवली होती आणि नंतर टाकून दिली होती. आठ महिन्यांनी योनीमार्गाच्या वरच्या टोकाशी गाठ घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मूळ रोग कुठला होता हे सांगणारा एकही कागद नव्हता. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, तेव्हा चर्चा प्रामुख्याने अनावश्यक शस्त्रक्रियांची झाली आणि ती योग्यच होती. त्यासोबत त्या पिशव्यांपैकी किती तपासल्या गेल्या, हाही प्रश्न विचारला जायला हवा होता.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहते. येथील आरोग्यसेवा प्रत्येक कर्करोगाच्या निदानाची वाट नोंदवते. तपासणी, फॅमिली डॉक्टरकडून तातडीची शिफारस, नेहमीची शिफारस आणि अपघात विभाग असे त्याचे प्रकार आहेत. अंडाशयाच्या कर्करोगात साधारण चारांपैकी एकीचे निदान अपघात विभागाच्या वाटेने होते आणि पहिल्या वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात कितीतरी जास्त असते. म्हणजे मोफत उपचार आणि घराजवळ डॉक्टर असूनही हे दार बंद झालेले नाही. माझ्या सासूबाईंचे पोट सहा महिने फुगत होते, भूक मंदावली होती आणि सतत लघवीला जावे लागत होते. सर्वांनी ते वयाचे आणि अपचनाचे समजले. शेवटी आतड्याला अडथळा आला आणि रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. मग अंडाशयासाठीही सर्वांची नियमित तपासणी का करत नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून मला पडला आहे.

संख्यावेध

लेस्टरकर, तसा प्रयत्न तुमच्या ब्रिटनमध्येच झाला आहे. दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची आणि सोनोग्राफीची तपासणी करून पाहिली गेली. रक्ततपासणीच्या गटात रोग अधिक प्रमाणात लवकरच्या टप्प्यात सापडला, परंतु २०२१ साली अंतिम निष्कर्ष आले तेव्हा अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. मी सुरुवातीला ज्या सावधगिरीविषयी लिहिले, तिचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. गर्भाशयमुखाचा रोग कर्करोगपूर्व अवस्थेत कित्येक वर्षे थांबतो आणि त्या अवस्थेत तो काढून टाकता येतो. अंडाशयाच्या रोगात असा थांबा हाती लागत नाही.

शल्यमित्र

अगदी बरोबर. त्यामुळे अंडाशयाच्या बाबतीत दाराचा अर्थ बदलतो. तेथे पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत होते, यावर बरेच अवलंबून असते. आतड्याच्या अडथळ्यासाठी रात्री पोट उघडले आणि आत सर्वत्र पसरलेला रोग दिसला, तर त्या वेळी हजर असलेला शल्यचिकित्सक तुकडा घेऊन, आतड्याला वाट करून देऊन पोट बंद करतो. तो त्याच्या परीने योग्यच वागलेला असतो. पण या रोगात सर्व दिसणारी गाठ काढून टाकता आली की आयुष्य सर्वाधिक वाढते, आणि ते काम दिवसा, पूर्ण तयारीनिशी, त्या विषयातल्या माणसाने करायचे असते. तसेच केवळ ‘गाठ’ म्हणून दुर्बिणीतून काढताना अंडाशयातली कर्करोगाची गाठ पोटात फुटली, तर अंडाशयापुरता असलेला रोग त्याच क्षणी वरच्या टप्प्यात जातो. पोट फुगणे आणि थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे महिनाभर टिकले, तर सोनोग्राफी करून घ्यावी आणि गाठ संशयास्पद असेल तर शस्त्रक्रियेआधी कर्करोगतज्ज्ञाला दाखवावे.

अबोली

सर्वांना नमस्कार. मी बराच वेळ केवळ वाचत होते, आता विचारण्याचे धाडस करते. माझी आई ६१ वर्षांची आहे. तिची पाळी जाऊन नऊ वर्षे झाली. गेल्या महिन्यात दोन वेळा थोडासा लालसर डाग दिसला, असे तिने मला काल बोलता बोलता सांगितले. दुखत नाही, रक्तही फार नाही. "उष्णता झाली असेल, धणे-जिऱ्याचे पाणी घेते आहे," असे ती म्हणते. डॉक्टरांकडे जाण्यास ती संकोचते. थांबून पाहावे का?

गोदाकाठ

अबोली बाळा, थांबू नकोस. पाळी गेल्यानंतर आलेला डाग थेंबभर असला तरी तो तपासायचाच असतो. घाबरण्याचे कारण नाही, कारण असा डाग दिसलेल्या बहुतेक स्त्रियांमध्ये कर्करोग नसतो. साधारण दहांपैकी एकीत तो निघतो. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या दहांपैकी नऊ जणींना असाच रक्तस्राव झालेला असतो. हा रोग बाईला वेळेवर हाक देतो. ती हाक ऐकून गेलेली बाई बहुधा रोग गर्भाशयातच असताना सापडते आणि शस्त्रक्रियेने बरी होते.

आईला सांग की आतून तपासणीच्या वेळी परिचारिका सोबत असते, पडदा असतो आणि स्त्री डॉक्टर मागता येते. आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करतील. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड निघाले तर नळीने अस्तराचा नमुना घेतील, आणि हे काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. तुकडा तपासण्याआधीच कोणी थेट पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर शल्यमित्र यांनी वर काय लिहिले आहे ते आठव आणि दुसरे मत घे.

तेरणामाई

अबोली, आईला नेताना सोबत मावशी किंवा आत्या असेल तर न्यावी. माझी आई तपासणीला यायला घाबरणाऱ्या बायकांना नेहमी जोडीने नेत असे. एकटीपेक्षा दोघी लवकर तयार होतात.

अबोली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मावशीला सोबत घेऊन गेलो. अस्तर ११ मिलिमीटर निघाले, नमुना घेतला आणि काल अहवाल आला. अस्तराचा कर्करोग आहे, पहिल्या प्रतीचा, म्हणजे सावकाश वाढणारा आहे आणि एमआरआयमध्ये तो गर्भाशयाबाहेर गेलेला दिसत नाही. आई सुरुवातीला रडली, मग स्वयंपाकाला लागली. येथील डॉक्टरांनी मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवण्यास सांगितले आहे, गुरुवारी निघतो आहोत. काय काय सोबत घ्यावे?

गोदाकाठ

अहवालाच्या मूळ प्रती आणि प्रत्येकीच्या दोन झेरॉक्स घे. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही घे. ज्या प्रयोगशाळेत नमुना तपासला, तेथून नमुन्याच्या काचपट्ट्या आणि नमुना बसवलेला मेणाचा ठोकळा मागून घे. तो तुमचा हक्क आहे, सही करून देतात. मोठ्या रुग्णालयात तोच नमुना पुन्हा तपासतात आणि ठोकळा नसेल तर आईचा नमुना पुन्हा घ्यावा लागू शकतो. काचपट्ट्या फुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळून कडक डब्यात ठेव. आईचे आधारकार्ड, रेशनकार्ड, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्याही ठेव. पहिला डाग कोणत्या तारखेला दिसला ते एका कागदावर आजच लिहून ठेव, कारण तिथे प्रत्येक जण आधी तेच विचारेल.

अबोली

ठोकळा आणि काचपट्ट्या आज दुपारी मिळाल्या. मावशीने त्या तिच्या चकलीच्या डब्यात ठेवल्या आहेत. पहिल्या डागाची तारीख आईनेच सांगितली. तिच्या लक्षात होती.